चुलीतली मांजर

लासुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीला तिन्ही बाजूंनी ऊस होता. डिसेंबरात उसाला पाणी सुटलं की गारठा सरीसरीतून थेट घरात यायचा. माणसं गोधडीत शिरायची आणि आमची मांजर चुलीत. संध्याकाळचा स्वयंपाक उरकला की आई निखारे बाहेर ओढून विझवायची, राख मात्र आत तशीच ठेवायची. त्या कोमट राखेत मांजर अंगाचं मुटकुळं करून झोपायची. सकाळी आई चुलीच्या कडेवर फुंकणी दोनदा आपटायची आणि म्हणायची, "उठा बाईसाहेब, आता आमची पाळी." मांजर राखेनं माखून बाहेर यायची, आळस द्यायची, आणि मगच आई काडी ओढायची. हे इतकं रोजचं होतं की मी त्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

मला दिसायचा तो धूर. आईचे लाल डोळे आणि सकाळचा खोकला. आमच्या घरात देव्हारा नव्हता. सभांतून वडिलांनी आणलेल्या पत्रकांनी भरलेली पत्र्याची ट्रंक होती. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. प्रत्येकाच्या शेवटी आवाहन असायचं, आणि नीट आवाहन केलं की काम होतं असं मला बराच काळ वाटत होतं. बारामतीला कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्या कार्यकर्त्यांच्या गटानं वस्त्यांवर निर्धूर चुली बसवायचं काम घेतलं होतं. त्याचं पत्रक माझं होतं. पहिली चूल अर्थातच आमच्या घरी बसली.

या चुलीला पुढं लाकडं घालायचं तोंड, त्यावर एक भांडं. आतून एक बोगदा मागं जायचा, तिथं दुसरं भांडं. आणि त्याच्याही मागं छपराबाहेर गेलेला सिमेंटचा पाइप. चूल वाळली, आईनं दोन दिवस हलका जाळ करून पाहिला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीतल्या बायांना बोलावलं. खुरपायला जायच्या आधी त्या येऊन दारात बसल्या. आई गोठ्यात धारा काढत होती. तिची वाट बघायची मला गरज वाटली नाही. दोन्ही भांड्यांत पाणी भरून ठेवलं, लाकडं सारली, चिपाडं पेटवली. फुंकणी हातात होती, पण ती मी फुंकायलाच वापरली.

धूर भसाभसा माझ्याच तोंडावर आला.

"ही बिनधुराची व्हय?" शेजारची काकू पदर नाकाला लावून म्हणाली. "मग धुराची कशी असंल गं बाय?"

बाया हसल्या. मी म्हणाले, "नवीन आहे काकू. पाइप तापला की ओढ धरेल." हे वाक्य पत्रकात होतं. मी आणखी जोरानं फुंकू लागले. आतून काहीतरी किरकिरल्यासारखा आवाज आला. ओलं लाकूड असं वाजतं, म्हणून मी फुंकतच राहिले.

आई दुधाची बादली घेऊन दारात आली. तिनं धुराकडं पाहिलंच नाही. एवढंच विचारलं, "मांजर कुठं हाय?"

कुणी उत्तर द्यायच्या आत ती पुढं झाली, मागचं भांडं नुसत्या हातांनी उचलून बाजूला फेकलं, आणि त्या भोकातून मांजर बाहेर आली. जुन्या चुलीत ती डोळ्यांपुढं असायची. इथं उबेच्या मागं मागं बोगद्यात गेली होती. पुढून मी जाळ केला होता आणि मागून भांडं ठेवलं होतं. धूर अडला होता तोही तिच्यामुळंच. एक कान अर्धा जळला होता, मिशा नव्हत्या, चारी पंजांचे तळवे सोलले होते. ती ओरडली नाही. भिंतीपर्यंत गेली आणि तिथं आडवी झाली. बाया एकेक करून उठल्या आणि खुरपायला निघून गेल्या.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशी आणि बैलांच्या रांगेत मी टोपली घेऊन उभी राहिले. डॉक्टरांनी फडकं उघडून पाहिलं.

"घरी काय लावलं?"

"चुन्याची निवळी आणि खोबरेल."

"चाटती ना ती? मग चुना पोटात जाईल. पुसून काढा." त्यांनी मलम दिलं. "आणि ताई, भाजलेलं जनावर जखमेनं नंतर मरतं, आधी गारठ्यानं. ही थंडी सरेपर्यंत अंग गरम राहिलं तर वाचेल. नुसत्या पांघरुणाचा उपयोग नाही, तिच्या अंगात आता स्वतःची ऊबच नाही."

मग विटा सुरू झाल्या. एक वीट चुलीशेजारी तापवायची, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळायची, मांजरीला ठेवलं होतं त्या खोक्यात तिच्या पाठीशी ठेवायची. ती निवेपर्यंत दुसरी तापत ठेवायची. फार तापली तर पुन्हा चटका बसेल, म्हणून आधी आपल्या मनगटाला लावून बघायची. खोक्यात बल्ब सोडायचं वडिलांनी सुचवलं, पण वीज कधी असायची, कधी नसायची. वीट तरी आपल्या हातात होती. दिवसभर वीट, रात्री उठून वीट. दूध बोटानं ओठांना लावायचं. मलम लावायचं आणि ती चाटू नये म्हणून तिचं डोकं धरून बसायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी मला तिचा राग यायला लागला, आणि राग आल्याची लाज वाटायला लागली. मग दोन्ही वाटेनासं झालं. फक्त वीट.

बारामतीच्या बैठकीला मी गेले नाही. गटातले एक ज्येष्ठ स्वतः एसटीनं घरी आले. चहा घेताना खोक्याकडं पाहून म्हणाले, "मांजरापायी बैठक चुकवली? बाहेर माणसं मरतायत."

महिन्यापूर्वी मी त्यांच्याशी तासभर भांडले असते. त्या दिवशी म्हणाले, "हिला मी पेटवलंय. दुसऱ्या कुणी नाही." आणि वीट बदलायला उठले.

छापायला म्हणून त्यांच्या हाती दिलेल्या नवीन पत्रकात मी एक ओळ घातली होती: पेटवण्याआधी बोगद्यात हात घालून बघा, मांजर झोपलेली असू शकते. त्यांनी ती वाचली आणि खिशातलं पेन काढून खोडली. मी म्हणाले, "ओळ जाणार असेल तर माझं पत्रक छापू नका." त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. ते छापलं की नाही, मी विचारलं नाही.

चूल मोडून टाकावी असं मी आईला म्हणाले. ती भाकरी उलटत म्हणाली, "कशाला मोडायची? खोकला उतरलाय माझा. चूल ब्येस हाय. पेटवणारीला अक्कल नव्हती." तिच्या दोन्ही तळव्यांवर अजून फोड होते.

संक्रांतीनंतर एका दुपारी मांजर खोक्यातून उतरली. पाय अवघडून टाकत उन्हाच्या पट्ट्यापर्यंत गेली. मी उचलायला धावले तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिला कळतं."

तिला तेवढं कळत नव्हतं. त्याच संध्याकाळी ती पुन्हा चुलीच्या तोंडाशी जाऊन बसली आणि आत मान घालू लागली. एवढं होऊनही तिला ऊब तिथलीच हवी होती. आईनं तोंडाला पत्रा लावून दगड टेकवला. मांजर पत्र्यापुढं बसून बारीक ओरडत राहिली. कुडकुडत होती, पण हलत नव्हती.

मी जुनं घमेलं घेतलं आणि पिठाची जुनी चाळणी. चुलीतली राख थोडी थोडी चाळून घमेल्यात पाडू लागले. काकू दारातून बघत होती. "आता राख चाळतीस व्हय?" तिनं विचारलं. टोमणा होता, पण जोर नव्हता. मी मान हलवली. चाळणीत बारके निखारे उरत होते. ते एकेक करून पाण्यात टाकले. मग मनगट राखेत रुतवून बराच वेळ तसंच ठेवलं. कुठंही चटका लागत नव्हता.

मांजरीनं घमेल्याचा काठ हुंगला, एक पाय आत ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. ती मुटकुळं करून बसेपर्यंत मी तिथंच थांबले. मग उठले. कंबर धरली होती, आणि उद्या पुन्हा राख चाळायची होती.