त्याच्या सिनेमातली आमची भातलावणी

त्या दिग्दर्शकाला मी मनातल्या मनात ‘तो’ म्हणते. समोर आला की ‘सर’. कॉलेजात असताना त्याचा पहिला सिनेमा पाहिला. त्यात एक बाई ओल्या लाकडांनी चूल पेटवायला बसते. चूल काही पेटत नाही, ती फुंकत राहते, आणि मागे संगीतबिंगीत काही नाही, नुसता तिचा श्वास. मी घोटावड्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्या घरातला आवाज थिएटरात ऐकू येऊ शकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे त्याच्या बाबतीत मी आंधळीच झाले. कुणी त्याला नावं ठेवली की मी अंगावर धावून जायचे. नवऱ्याशीही मी त्याच्यापायी भांडले आहे.

नव्या सिनेमासाठी तो भातखाचर शोधतोय असं कानावर आलं, तेव्हा ओळखीतून ओळख काढून मी त्याच्यापर्यंत पोचले. आमची बरीचशी जमीन विकून झाली आहे, भाऊ खोल्या भाड्यानं देतो. पण ओढ्याकडच्या एका खाचराला आईनं कुणाला हात लावू दिलेला नाही. तिथली लावणी अजून इर्जिकीनं होते. म्हणजे मजुरी नाही. शेजारपाजारच्या बायका येतात, आई त्यांना पोटभर जेवू घालते, आणि त्यांच्या लावणीला मग आई जाते. लावणीचं गाणंही तीच उचलायची. घरात तिनं ते कधी म्हटलं नाही. “चिखलातलं गानं चिखलात,” असं म्हणायची. आम्हीही कधी आग्रह धरला नाही, कारण दरवर्षी ते ऐकायला मिळणारच होतं.

शूटिंगच्या दिवशी तो आला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून थेट खाचरात उतरला आणि त्यानं एक ओळ लावली. ओळ कसली, नागमोडी वाट. बायका हसून हसून बेजार झाल्या. आई मात्र खूश. दुपारी त्याला आग्रहानं आमटी-भात वाढताना म्हणाली, “ज्यानं आपल्या चिखलात पाय घातला त्यो आपल्या इर्जिकीचा. तुज्या कामाला आमीबी येनार.”

पुन्हा शॉट घ्यायचा म्हणून त्याच्या माणसांनी रोपं उपटायला सांगितली, तेव्हा हीच आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “लावल्यालं रोप उपटायचं न्हाई. पुढं अजून लावायचं हाय, तितं घ्या.” त्यानं मुकाट्यानं कॅमेरा पुढे नेला. मी मनाशी म्हटलं, हाच तो.

आवाज नको म्हणून सगळ्यांचे फोन बंद करून एका टोपलीत ठेवायचे होते. सगळ्यात आधी माझा पडला. भावाला आईचं गाणं मोबाइलवर घ्यायचं होतं, तर मी त्याच्यावर खेकसले, “अरे, तो घेतोय ना! तुझ्या डबड्याची काय गरज?” आई गायली. ओळीच्या मधेच ती थांबते, रोपांची नवी मूठ उचलायला; मूठ हातात आली की उरलेली ओळ. लहानपणापासून ते गाणं मला त्या थांबण्यासकट पाठ आहे. निघताना तो तिच्या पाया पडला आणि म्हणाला, “आई, तुमचा आवाज आहे तसाच ठेवणार.”

त्याच वर्षी आईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जिवावरचं टळलं, पण आवाज गेला. आता ती बोलते ते दाणे नसलेलं जातं फिरवावं तसं. पुढच्या लावणीला खाचरात नुसता पाण्याचा चुबुकचुबुक आवाज. दुसरीनं कुणी गाणं उचललं नाही, आणि आईनं मान वर केली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. तिचं गाणं आमच्यापैकी कुणाजवळ नव्हतं. असलं तर त्याच्याजवळ. आई मात्र येईल त्याला सांगायची, “पिक्चरमदी हाय की माजा आवाज.” भावाची मुलगी लहान म्हणून तिला कधी लावणीला नेली नव्हती; नातीला गाणं ऐकवायचं राहून गेलं होतं, तेही आईनं सिनेमावर सोडून दिलं होतं.

सिनेमा लागला. इर्जिक फेडायची म्हणून आईनं लावणीच्या सगळ्या बायका पिकअपमध्ये घातल्या आणि आम्ही बावधनच्या मल्टिप्लेक्सला गेलो. बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली होती. फडक्यातल्या भाकऱ्या दारावर काढून घेतल्या, तरी कुणाचा उत्साह कमी झाला नाही.

सिनेमा वाईट होता. सोन्याची साखळी घातलेला बिल्डर, शहरातून आलेला हिरो, गावाला अक्कल शिकवणारं भाषण. पहिल्या पंधरा मिनिटांतच ते कळलं, तरी मी स्वतःला समजावत होते की गाणं तर येऊ दे.

गाणं आलं. खाचर आमचंच, आईचा चेहरा पडदाभर. बायका “ती बघ, ती बघ” करत उठल्याच. आईचे ओठ हलले आणि त्यातून एक तरुण, गोड, घोटीव गळा बाहेर आला. खाली बासरी. पडद्यावर आई मूठ उचलायला थांबली, पण गळा थांबला नाही, गातच राहिला. बायका हळूहळू खाली बसल्या. नातीनं विचारलं, “आजी, तू अशी गायचीस?”

मला इतका राग आला की रडूही येईना. टुकार सिनेमा मी त्याला माफ केला असता. कुणाचाही हात एखाद्या वेळी चुकतो.

दोन दिवसांनी मी माहेरीच असताना त्याचा फोन आला. कसा वाटला, म्हणाला. मी स्पीकर लावला आणि एवढंच विचारलं, “सर, त्या दिवशीचं आईचं मूळ रेकॉर्डिंग?”

“अहो, जनरेटरची घरघर आली होती त्यात. काही कामाचं नव्हतं. ते नाही ठेवलं.” आणि लगेच, “आईंना द्या ना, आभार मानायचेत.”

मी फोन आईपुढे धरला. आई म्हणाली, “बोल.”

“नमस्कार. जरा आईंना देता का?”

“मीच हाय.”

तो गडबडला. “अरे, सॉरी हं आई. आवाज ओळखलाच नाही मी.”

“व्हय बाबा,” आई म्हणाली. “पिक्चरमदी मलाबी माजा वळकू आला न्हाई.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. फोन माझ्या हातात देऊन ती नातीला जेवायला वाढायला उठली. पलीकडे तो “हॅलो, हॅलो” करत होता. मी फोन बंद केला.