मडमेची सायकल आणि जवसाचं तेल

आता काय लपवायचं तुमच्यापासून! हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा.

खामगावात आमची तेलाची घाणी आहे. तीळ, शेंगदाणा, जवस, तिन्ही तेलं आमच्याकडे निघतात. अशा घरच्या मुलीनं गणितात चुकावं, भूगोलात चुकावं, पण तेलात? मी तेलातच चुकले. आणि तेही भर बाजारात!

नागपूरला बदली झालेल्या एका साहेबाच्या मडमेची जुनी सायकल बाबांनी लिलावात घेतली होती. तेव्हापासून ती पोत्यांमागे गंजत पडलेली. मला मात्र ती हवीच होती. कारण हायस्कूल पडलं पार पुलापलीकडे, आणि बाबांचं म्हणणं एकच, "एवढ्या दूर पोरगी पायी जानार नाही. झालं तेवढं शिक्षन लय झालं."

मायनं रोज टुमणं लावलं, तेव्हा कुठे बाबांनी अट घातली. "येत्या रविवारी घाणीपासून पुलापर्यंत सायकलवर जाऊन दाखव. मधात एकडाव जरी उतरली, तर हायस्कूलचं नाव नाही काढाचं!"

चालवायला मी मामाकडे पिंपळगावला शिकले होते. प्रश्न होता तो मडमेच्या सायकलीचा! पुलापलीकडच्या गफूरचाचांनी टायर बदलले, ब्रेक बसवले. तरी ती अशी किंचाळायची की घाणीचा बैल चालता चालता थांबायचा.

माझी अट ऐकून चाचा म्हणाले, "बेटी, इले तेल पाज. भरपूर पाज."

कोणतं तेल, हे विचारायला नको होतं का? पण मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी! मान हलवली आणि घरी आले.

घरी विचार केला. सुतार दारांना लावायला आमच्याकडून जवसाचं तेल नेतो. दारं कशी आरशासारखी चमकतात! मग सायकल का नाही चमकणार? ओतलं जवसाचं तेल. साखळीला, चाकांना, पायडलांना. चामड्याची सीट तडकली होती, तिलाही चोळलं.

आणि काय सांगू! सायकल पाण्यासारखी पळाली! मी अंगणात सात फेऱ्या मारल्या. बैलानंसुद्धा वळून पाहिलं नाही.

दोन दिवसांनी ती जरा जड वाटली. तहानलेली असेल, म्हणून आणखी तेल पाजलं. शनिवारी आणखी जड. पुन्हा पाजलं! शिवाय तेल आत मुरावं म्हणून दिवसभर वैशाखाच्या उन्हात उभी केली.

रविवारी बाबा दारात उभे. अर्धा बाजार गोळा झालेला. मी नवा हिरवा परकर सावरून ऐटीत बसले. दहा पावलं गेले असेन नसेन, कड्कड् आवाज झाला आणि साखळी निखळली. ती लोंबकळेना हो! काठीसारखी ताठ उभी!

बाबा धावत आले. "थांबून काऊन राह्यली वं? उतर आता."

"उतरता नाही येत," मी पुटपुटले.

"काय म्हनते?"

"परकर चिपकला सीटले!"

बाबांनी एकदा ओढून पाहिलं. टर्रकन् आवाज आला आणि मी किंचाळले, "बाबा, फाटून राह्यला!"

एवढ्या लोकांत उतरवणार कसं? शेवटी बाबांनी मला तशीच सायकलवर बसवून गफूरचाचांच्या दुकानाकडे ढकलायला सुरुवात केली. चाकं इतकी जड की बाबांचा सदरा घामानं भिजला. "त्या गफूरनं खराब सामान घातलं," ते वाटभर कडाडत होते.

चाचांनी साखळीवर नख घासलं, वास घेतला. "भाऊ, या सायकलले वार्निश कोनं केलं?"

"वार्निश?"

"जवसाचं तेल हाये हे. दाराले लावतेत ते. सुकलं का काचेवानी होते. अन् भाऊ, माल एकदम अस्सल हाये!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षं ते हेच तेल सुताराला विकत होते!

मी खाली मान घालणार, तेवढ्यात मागे पूल दिसला. आणि कोण जाणे कुठून, आवाज फुटला. "बाबा, पूल तं मागं राह्यला. मी उतरली नाही!"

चाचा हसून हसून स्टुलावरून पडायचे राहिले. "भाऊ, पोरगी जितली!"

"अन् ढकललं कोनं?"

"ते अटीत होतं काय?" चाचांनी विचारलं.

सदऱ्याच्या बाहीनं घाम पुसता पुसता बाबाही हसू लागले.

चाचींनी आडोशाला चादर धरली, मागून परकर कापला, तेव्हा माझी सुटका झाली. घासलेटनं चाकं आणि साखळी सुटली, आणि जूनमध्ये मी हायस्कूलला गेले. सीटवर चिकटलेला परकर मात्र कशानंच निघाला नाही.

वर्गातल्या मुली विचारतात, "सीटवर एवढं छान हिरवं कापड कोणत्या मिस्त्रीनं लावलं गं?"

खोटं कशाला बोलू? मी मान खाली घालून सांगते, "मीच लावलं."