सुलेखाच्या माहेरची किडनी

सोयरीक जमवताना तुम्ही घरातलं काय काय लपवलंत? खरं सांगा. सुलेखाच्या माहेरानं तर सुलेखालाच लपवलं होतं.

सुलेखा मुकुंदवाडीत राहते, चिकलठाण्याच्या कामगारांचे डबे करते. नवऱ्याकडून एचआयव्ही आला, नवरा गेला, ही राहिली. गोळी कधी चुकवत नाही आणि तोंड कधी बंद ठेवत नाही. एचआयव्ही असलेल्या बायकांच्या आमच्या गटात नवी बाई रडत आली की मी तिला सुलेखाशेजारी बसवते. चहा येईस्तोवर ती बाई रडायचं सोडून भांडायला लागते.

तिचा धाकटा भाऊ बद्रीनाथ सिल्लोडला मक्याचा व्यापार करतो. त्याच्या घरच्या एकाही कार्याला हिला बोलावणं नाही. "आक्का दुबईला असती," असं तो पाहुण्यांना सांगायचा.

यंदा तपासणीत सुलेखाची किडनी मंद चालतेय असं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, माहेरी कुणाला किडनीचा आजार होता का? एचआयव्ही किडनीला त्रास देतो, त्यावरच्या काही गोळ्याही देतात. त्यात घराण्यातूनच कमजोरी आलेली असेल तर किडनी लवकर बसू शकते. आधी कळलं तर गोळ्या बघून देता येतात.

सुलेखानं भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आपल्यात आजारानं कुणी मेलंच नाय!"

घरच्या सांगण्याप्रमाणं आजा विहिरीत पडून गेला, चुलता बैलगाडीवरून पडून आणि वडील, म्हणजे आबा, म्हशीच्या लाथेनं. त्याआधी तिघंही सुजले होते, एवढंच.

त्याच आठवड्यात बद्रीनाथ जीप घेऊन तिच्या दारात. त्याच्या लेकीची, संस्कृतीची लग्नाची बैठक ठरली होती, आणि मुलाकडच्यांच्या कानावर गेलं होतं की पोरीची आत्या किडनीच्या डॉक्टरकडं जाते.

"आक्का, पाया पडतो. बैठकीला चल अन् एचआयव्ही सांग."

"काय?"

"एचआयव्ही बाहेरून आलेला. त्यानं खानदानाला डाग नाय. किडनी म्हणलं की पोरीपर्यंत येती."

सुलेखा इतकी हसली की कणकेचा हात डोळ्यात गेला. "सांग तूच, माझी ना नाय. पण आबा कशानं गेले ते मला सांगायचं."

"बैठक होऊ दे."

मीही गेले. सुलेखाला नवी साडी, सोफ्यावर मधली जागा, पहिला चहा. मुलाच्या मामांनी घसा खाकरला. "आत्याबाईंना किडनीचं काय म्हणे?"

"छे छे!" बद्रीनाथ छाती काढून म्हणाला, "आमच्या आक्काला एचआयव्ही हाय!"

"हां, मग हरकत नाय," मामा म्हणाले. "आम्हाला वाटलं किडनीबिडनी."

कुणाचा एचआयव्ही त्याच्या परवानगीशिवाय सांगणं कायद्यात बसत नाही; तिनं हो म्हटलेलं नसतं तर मी तिथंच पोलीस बोलावले असते.

तेवढ्यात ट्रे धरून उभी असलेली संस्कृती म्हणाली, "आत्या, माझं तोंड रोज सकाळी सुजतंय. ते कशानं?"

बद्रीनाथ लेकीच्या तोंडाकडं बघत राहिला. मग भरल्या बैठकीत बोलला, "आक्का, म्हैस तर आपण आबा जायच्या आधीच विकली होती. आबांची लघवी बंद पडली होती. चुलत्याचीबी."

मामा चहा अर्धा टाकून उठले. सोयरीक तिथंच मोडली. दुसऱ्या दिवशी आत्या-भाची एकाच रांगेत तपासणीला बसल्या. सुलेखाच्या गोळ्या बदलल्या. संस्कृतीचा रिपोर्ट अजून यायचाय, आणि बद्रीनाथ रोज मलाच फोन करून विचारतो.

तुम्ही एवढं करा. आज घरातल्या थोरल्या माणसाजवळ बसा, कोण कशानं गेलं ते विचारा आणि कळेल ते डॉक्टरला सांगा. पाहुण्यांना काय सांगायचं ते मागाहून ठरवा.