भाऊ बंगळूरला असतो

लग्नासाठी स्थळांकडे पाठवायची माझी माहिती मीच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाइप केली. 'एक भाऊ, बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये' हे वाक्यही माझंच. भाऊ होता कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी त्याला आवाज ऐकू येऊ लागले आणि तो घरीच बसला. स्किझोफ्रेनिया हा शब्द आई घरातसुद्धा काढत नसे. 'त्याचं ते' म्हणायची. त्या काळी पुण्यात घरटी कोणी ना कोणी बंगळूरला नाहीतर अमेरिकेत होतंच. त्यात आमचाही खपून गेला.

स्थळ जमलं. मुलगा चांगला होता, त्याच्या घरची माणसं त्याहून चांगली, म्हणूनच माझी झोप उडाली. साखरपुड्यानंतर कोणाला न सांगता मी भावाच्या डॉक्टरांना गाठलं. हे मला होईल का? माझ्या मुलांना?

"आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे," ते म्हणाले, "पण हे एका जनुकाचं काम नव्हे. बरीच जनुकं, वर परिस्थिती. वारशाने येते ती शक्यता. आजार येतोच असं नाही. बहुतेक भावंडांना तो होत नाही. होणाऱ्या नवऱ्याला घेऊन या, मी समजावून सांगतो."

मी उठले, तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊ गोळ्या वेळेवर घेतो ना?"

मला माहीत नव्हतं. अर्धा तास मी फक्त स्वतःबद्दल बोलत होते.

नवऱ्याला मी नेलं नाही. आम्हाला काही कळत नव्हतं, असं म्हणायची सोयही मग राहिली नाही. सगळं नीट समजून घेऊन मी गप्प बसले. इतक्या वर्षांनीही मला त्याची लाज वाटते.

लग्नाच्या दिवशी भावाला खडकवासल्याला मावशीकडे ठेवलं. कंपनीने रजा दिली नाही, असं पाहुण्यांना सांगितलं. कानपिळीच्या वेळी नवऱ्या मुलाचा कान धरायला मुलीचा भाऊ लागतो. मामाचा मुलगा पुढे झाला, हशा पिकला, कानपिळी पार पडली.

चार दिवसांनी मी एकटीच माहेरी गेले. भाऊ जेवत होता. मला का नेलं नाही, असं त्याने विचारलं नाही.

"कान कोणी पिळला?"

"मामाच्या मुलाने."

"जोरात?"

"थोडा."

त्याने पोळीचा तुकडा मोडला.

"मी हळूच पिळला असता," तो म्हणाला. "सांग त्यांना."