गोळी कोणत्या रंगाची होती?

बँकेच्या बदलीवर मी कोलकात्याला आले, तेव्हा बालीगंजच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर 'सबनीस' अशी पाटी पाहून मला हायसं वाटलं. पहिल्याच रविवारी चहाला गेले. दत्तात्रयकाका खिदिरपूरला कस्टममध्ये होते, आता निवृत्त. ते दोन वाक्यं बोलून पेपरात शिरले. कालिंदीताईंनी मात्र माझ्या उघड्या पर्समधून डोकावणारी गोळ्यांची पट्टी पाहिली आणि विचारलं, "अर्धशिशी का गं तुला? कधीपासून?"

माझ्या आईलासुद्धा ते तोवर ठाऊक नव्हतं.

कालिंदीताई मूळच्या मिरजेच्या. वडील एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. घरात औषधांच्या रिकाम्या खोक्यांचे किल्ले बांधून ही मुलगी मोठी झाली आणि तिथेच औषधनिर्माणशास्त्र शिकली. लग्न होऊन कोलकात्याला आली आणि बराकपूरला एका सरकारी कारखान्याच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर नोकरीला लागली. तिथे सत्तावीस वर्षं काढली. कामगारांच्या म्हाताऱ्या आया चिठ्ठी हरवून यायच्या आणि म्हणायच्या, "ती गुलाबी दे, बाळा." गुलाबी म्हणजे कुठली, हे शोधून काढण्याचा ताईंना नादच लागला. त्या खोदून खोदून विचारायच्या, जुन्या वह्या चाळायच्या आणि बहुतेक वेळा बरोबर जागी पोचायच्या.

हा नाद पुढे कशाला उपयोगी पडेल, याची त्यांनाही कल्पना नव्हती.

२०२३च्या उन्हाळ्यात मणिपूर पेटलं. घरं जळली, माणसं मिळेल त्या वाटेने बाहेर पडली. त्यांतली काही कुटुंबं नात्यागोत्याच्या आधाराने कोलकात्यापर्यंत आली. बराकपूरच्या अलीकडे एका चर्चला लागून असलेल्या सभागृहात चाळीसेक माणसं राहत होती. ताईंच्या जुन्या दवाखान्यातल्या डॉक्टर सुचित्रा भादुरी यांनी तिथे दर शनिवारी तपासणी सुरू केली आणि ताईंना फोन केला, "कालिंदीदी, औषधं लावून द्यायला कुणीतरी हवंय. याल?"

पहिल्याच शनिवारी अडचण कळली. औषधं बरीच जमली होती, पण कुणाला काय द्यायचं ते समजेना. रातोरात निघालेल्या माणसांनी मुलं उचलली होती, एखादं गाठोडं उचललं होतं. चिठ्ठ्या, रिपोर्ट, गोळ्या, सगळं मागे राहिलं. विचारलं की उत्तर यायचं, "एक पांढरी घ्यायचो."

मी चार-पाच शनिवार ताईंबरोबर गेले. बाकीचं त्यांच्याकडून आणि डॉक्टरांकडून ऐकलेलं आहे.

दुसऱ्या शनिवारी ताई घरातला मसाल्याचा डबा घेऊन गेल्या. हळद-मोहरीच्या वाट्यांमध्ये मुदत संपलेल्या गोळ्या होत्या, फक्त दाखवायला. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी, लांबट, मधोमध रेघ असलेल्या. पुढे त्यांनी त्या पुठ्ठ्यावर चिकटवून वर प्लास्टिक शिवलं, कारण एका आजोबांनी हात घालून एक उचललीच होती.

लीना नावाची शाळामास्तरीण दुभाष्याचं काम करायची. तीही मणिपूरहूनच आलेली, आणि तिचं हिंदी चांगलं होतं. ताईंचे प्रश्न ऐकून ती आधी चकित व्हायची. गोळी कडू होती का? जेवणाआधी की नंतर? घेतल्यावर लघवीचा रंग बदलायचा का? विकत घेताना पट्टी कात्रीने कापून द्यायचे का?

"एवढं कशाला लागतं?" लीनाने एकदा विचारलं.

"नाव विसरतं गं माणूस. सवय विसरत नाही," ताई म्हणाल्या.

तिथे नेंगबोई नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या. जूनच्या त्या घामट उकाड्यात त्या शाल पांघरून भिंतीला टेकून बसायच्या. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, आणि प्रश्न विचारला की उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारणाराच उठून जायचा. सगळे म्हणत, घर जळताना पाहिलंय, मनाला लागलंय. त्यांच्याशी कुणी फार बोलत नसे. बिचारीला त्रास कशाला द्यायचा, अशी भावना.

ताईंना ती शाल खुपत होती. परतताना रिक्षात मला म्हणाल्या, "दुःखाने माणूस गप्प होतो, हे कबूल. पण थंडी कशी वाजेल?"

पुढच्या शनिवारी त्या नेंगबोईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या. लीना दुसऱ्या बाजूला.

"आजी, काही गोळी चालू होती का?"

बराच वेळ गेला. "एक. लहान. पांढरी."

लीनाने सुस्कारा सोडला. पांढऱ्या गोळ्यांचा ताईंच्या पुठ्ठ्यावर एक अख्खा कोपरा होता.

"कधी घ्यायचात?"

"पहाटे. चहाच्या आधी. नुसत्या पाण्याबरोबर."

"आणि चहा?"

"सून लगेच देत नसे. अर्धा तास थांबायला लावायची." एवढं बोलून त्या दमल्या.

ताईंनी अजून एकच प्रश्न विचारला. "गोळ्या कशात असायच्या? पट्टीत?"

म्हाताऱ्या बाईंनी मान हलवली. मग हळूहळू शालीखालची कापडी पिशवी पुढे ओढली आणि आतून प्लास्टिकची छोटी पांढरी बाटली काढली. हलवली तर खुळखुळली. लीनाने झाकण उघडलं. आत मिरचीचं बी होतं. परसातल्या जहाल मिरचीचं बी नेंगबोई दरवर्षी जपून ठेवत. औषध घरात राहिलं, पण बी बरोबर घेतलं. गोळ्या संपल्या की रिकाम्या बाटल्या त्या बियाण्याला वापरायच्या.

बाटलीवरचं लेबल निम्मं घासलं गेलं होतं. पण ताईंना ते वाचायची फारशी गरज पडली नाही. सुट्या गोळ्या बाटलीत भरून येणारं, पहाटे उपाशीपोटी घ्यायचं औषध म्हटल्यावर त्यांच्या मनात एकच नाव आलं होतं. लेबलाच्या उरलेल्या अक्षरांनी ते पक्कं केलं. थायरॉइडची गोळी. महिना-दीड महिना ती बंद होती, आणि तिच्या अभावी बाईंचं सगळं शरीर मंदावत चाललं होतं.

डॉक्टर सुचित्रांनी त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं. जो आकडा पाचाच्या आत हवा, तो शंभराला टेकला होता. डॉक्टर ताईंना म्हणाल्या, "आणखी थोडे दिवस गेले असते, तर बेशुद्धच पडल्या असत्या." वय आणि हृदय पाहून त्यांनी अगदी कमी मात्रेने गोळी सुरू केली आणि हळूहळू वाढवली.

दोन महिन्यांनी नेंगबोईंची शाल उतरली. आवाज मोकळा झाला, आणि तेव्हा सभागृहाला कळलं की या बाई मुळात गप्प नव्हत्याच. भात कसा शिजवावा, मुलांना किती वाजता झोपवावं, प्रार्थनेत कोण बेसूर गातं, सगळ्यावर त्यांचं मत होतं. लीना हसून म्हणाली, "ताई, मात्रा जरा कमी करता येईल का?"

ताई त्या दिवसांत खूश असत. काका त्यांना 'गुप्तहेर खातं' म्हणायला लागले होते. आणि याच खुशीत त्यांच्या हातून चूक झाली.

सायमन हा चाळिशीतला सुतार. त्याला जवळच्या एका फर्निचरच्या कारखान्यात नुकतंच विजेच्या करवतीवर काम मिळालं होतं. सगळ्यांसमोर रांगेत उभं राहून त्याने सांगितलं, रात्री झोपताना एक पांढरी गोळी, रक्तदाबाची. डॉक्टरांनी मोजला तर रक्तदाब खरंच वाढलेला. ताईंनी पुठ्ठ्यावर एक गोळी दाखवली. तो चटकन "हीच" म्हणाला. डॉक्टरांनी रक्तदाबाचं औषध लिहून दिलं.

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी तो रांगेतच कोसळला. हातपाय आखडले, तोंडाला फेस आला. डॉक्टरांनी त्याला कुशीवर वळवलं, भोवतालची गर्दी हटवली. झटका ओसरल्यावर तो डोळे मिटून पडून राहिला. ताई जवळ बसून होत्या.

"फिटची गोळी होती ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"इतक्या लोकांत? कारखान्याला कळलं असतं तर करवतीवर कोण उभं करणार होतं मला?"

त्या रविवारी मी वर गेले तेव्हा ताई पुठ्ठा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"झटका करवतीसमोर आला असता, मृणाल," त्या मला म्हणाल्या. "मला उत्तर आधीच ठाऊक आहे असं वाटलं, म्हणून मी पुढचा प्रश्नच विचारला नाही. आणि विचारलं तेही चारचौघांत."

पुढच्या शनिवारपासून पद्धत बदलली. सभागृहाच्या कोपऱ्यात दोरीवर दोन चादरी टाकून आडोसा केला. एका वेळी एकच माणूस. पुठ्ठा शेवटी बाहेर काढायचा, म्हणजे दाखवलेल्या गोळीला उगाच कुणी "हीच" म्हणणार नाही. चादरीआड वेगळ्याच गोष्टी निघू लागल्या. कुणाला क्षयाचे उपचार अर्धवट सोडावे लागले होते, तर कुणी झोपेच्या गोळ्या शेजारणीकडून मागून घेत होती. ताईंनी ऐकलं ते डॉक्टरांपलीकडे कुठे गेलं नाही.

मी एकदा विचारलं, "तिकडे काय झालं, ते विचारता का कधी?"

"नाही गं. मी गोळीचं विचारते. मग पहाटे उठून पाणी कोण द्यायचं ते येतं, मग सून येते, मग घर येतं. त्यांना जेवढं सांगायचं असतं तेवढं सांगतात. मी ऐकते."

सायमनचं फिटचं औषध सुरू झालं. करवतीवरून त्याने स्वतःच पॉलिशच्या कामावर बदली मागितली. मजुरी थोडी कमी, पण वर्ष उलटलं तरी झटका आलेला नाही. नेंगबोई गेल्या वर्षी शिलाँगला मुलाकडे गेल्या. जाताना डॉक्टरांनी त्यांच्या औषधाचं नाव एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि ताईंनी ते प्लास्टिकमध्ये शिवून त्यांच्या गळ्यात अडकवलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही, पण त्यांनी काढलंही नाही.

सभागृहात आता दहा-बारा माणसं उरली आहेत. तरी शनिवारी गर्दी असते, कारण आसपासच्या वस्तीतलेही येऊ लागलेत. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा दोरीवरच्या चादरी नव्हत्या. त्या जागी बिजागऱ्यांनी जोडलेला तीन फळ्यांचा लाकडी पडदा उभा होता, हाताने गुळगुळीत घासलेला. सायमनने सुट्टीच्या दिवशी बनवून आणला होता.

"एक बिजागरी कुरकुरते," ताई त्याला सांगत होत्या.

"पुढच्या शनिवारी तेल आणतो."

तेवढ्यात डोक्यावर पदर घेतलेली एक नवीन बाई दारातून आत आली आणि चाचरत उभी राहिली. ताईंनी चष्मा पुसला, पडद्याची एक फळी सरकवली आणि तिला आत बसायला सांगितलं.