पाच पाऊण पावणेचार

आगाशीच्या बाजारातून खाडीकडे उतरलं की डाव्या हाताला केळीची एक वाडी लागते. तिथल्या ओट्यावर शनिवारी दुपारी चारच्या सुमारास केसबीस विंचरून, धुतलेला सदरा घालून बसलेला म्हातारा दिसला, तर समजावं हे श्रीपतबाबा आणि ते फोनची वाट बघतायत. विचारलंत तर कबूल व्हायचे नाहीत. "वारा खातोय," म्हणतील. आता वारा खायला कोण केस विंचरतं? पण म्हाताऱ्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत.

फोन असायचा नातीचा, निधीचा. मुलगा हरेश राहतो वसईला एव्हरशाईन सिटीत; बायको दिपिका, मोठा विकी आणि धाकटी निधी. पावसाळा सोडला तर दर रविवारी ही मंडळी गाडी काढून इकडे येतात, म्हातारा-म्हातारीला उचलतात आणि राजोडीच्या समुद्रावर जातात. समुद्रावर कधी पोहोचायचं ते मात्र बाबांनी ठरवायचं. म्हणून शनिवारी चारला फोन: "आजा, उद्या किती वाजता?"

बाबांनी वेळ गुरुवारीच काढून ठेवलेली असे. तरी म्हणायचे, "थांब हां, बघतो." मग जरा खाकरायचे. लगेच सांगितलं तर किंमत राहत नाही.

हिशेब असा: तिथीचा पाऊणपट केला की भरती पुरी व्हायची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, सहाला भरती. पाऊणकीचा हा पाढा बाबांच्या बापाने त्यांच्याकडून छडीच्या धाकाने घोकून घेतला होता, आणि तो काही पोहायला जायचं म्हणून नव्हे! तेव्हा खाडीलगत त्यांची भातशेती होती. बांधाला पाण्याची लाकडी दारं. भरती यायच्या आत ती खाली सोडली नाहीत तर खारं पाणी शेतात घुसणार आणि पुढली तीन वर्षं भाताचं नाव नको. वयाच्या बाराव्या वर्षापासून बाबांनी ती दारं सांभाळली, आणि एकदाही चुकले नाहीत. आता तिथे भात नाही, दारंही नाहीत. उरला तो पाढा, आणि त्याचं गिऱ्हाईक एकच, राजोडीला पोहायला जाणारं हे कुटुंब.

"आम्ही समुद्रावर जायचो ते कामाला," बाबा म्हणतात. "ही जातात फोटो काढायला. पानी दिसलं की आधी पाठ फिरवतात!" खरंच आहे. विकी मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ताइतासारखा गळ्यात बांधतो. कोणाचं तरी उडतं यंत्र डोक्यावर गुणगुणत असतं. बाबा त्याला हात जोडतात, न जाणो, वरून कोणी बघत असेल. गेल्या महिन्यात त्या ताइताची दोरी तुटली आणि विकीचा मोबाइल लाटेत गेला. सापडला, पण मेलेला. दिपिकाने तो दोन दिवस तांदळात पुरून ठेवला आणि काय नवल, उठून बसला! जिजाआजी हे बघून थक्क झाल्या. बाबांच्या या धर्मपत्नीने जन्मभर तांदूळ उपसले, पण तांदूळ मोबाइललाही लागू पडतो हे त्यांना नवं होतं.

बाबांकडेही दिवाळीपासून मोबाइल आहे, हरेशने दिलेला. जुनं बटणांचं डबडं वाजलं की शेजारच्या बर्नार्डच्या कोंबड्या झाडावर चढायच्या. हा नवा गुळगुळीत, उचलायला बोटाने ढकलावा लागतो. वाजला की आरती लावतो, ही विकीची करामत. आजींनी त्याला जुन्या लुगड्याची थैली शिवली आणि ओट्यावरच्या खिळ्याला टांगली.

तर झालं असं. शुक्रवारी बर्नार्डची टिफनी केळफूल मागायला आली. बोलता बोलता म्हणाली, "काका, आता तिथी कोण बघतं? हे बघा." आणि तिने मोबाइलवर निळी नागमोडी रेघ दाखवली. भरती कधी, ओहोटी कधी, किती फूट पाणी, मिनिटामिनिटाचं. फुकट.

बाबा "व्वा" म्हणाले. केळफूलही दिलं. पण आत कुठेतरी टोचलं ते टोचलंच. ही रेघ टिफनीकडे आहे तर विकीकडे नसेल? आणि विकीकडे असेल तर निधी आपल्याला कशाला विचारेल?

शनिवारी ते साडेतीनलाच ओट्यावर बसले. डोक्यावर खिळ्याला थैली. वाडीत पाण्याची मोटार धडधडत होती, आजीही तिथेच, केळींना पाणी फिरवत. चार वाजले. सव्वाचार. थैली गप्प. पाचला बाबांना वाटलं, उठून बघावं, बिघडला तर नाही? पण लगेच मान ताठ. आपण का बघायचं? गरज त्यांना! नसेल गरज तर नसो. सहाला त्यांनी धुतलेला सदरा काढून ठेवला.

संध्याकाळी भाकरी वाढताना आजी म्हणाल्या, "अवो, पोरीचा फोन नाय आला?"

"काय करायचाय फोन? मोबाइल सांगतो त्यांना आता. उद्या मी येनार नाय. गुडघा दुखतोय."

"कोनता?"

"दोन्ही!"

आजी हसल्या नाहीत. चौपन्न वर्षांचा संसार. गुडघा कुठे दुखतो ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी भाकरीवर तुपाचा आणखी एक थेंब सोडला आणि विषय वाढवला नाही.

रविवारी सकाळी दहाला दारात गाडी वाजली. बाबा पाण्याची मोटार बंद करून वाडीतून येतात तो निधी धावत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजा, फोन का उचलत नाहीस? अकरा वेळा केला मी! मोजून अकरा!"

"खोटं नको बोलू," बाबा म्हणाले. "मी अडीच तास इथे बसलो होतो. सदरा घालून."

तोंडातून निघून गेलं खरं. हरेशने दिपिकाकडे पाहिलं, दिपिकाने थैलीकडे. विकीने थैली चाचपली. आत काही नव्हतं, फक्त कापूर आणि आजींनी दृष्ट लागू नये म्हणून टाकलेले मिठाचे चार खडे.

"थांब, मी परत लावते," निधी म्हणाली.

आणि स्वयंपाकघरातून, लांबून, घोंगडीत तोंड खुपसून कोणी गावी तशी आरती ऐकू आली. आजी तेवढ्यात पाहुण्यांसाठी पिंपातून तांदूळ काढायला वाकल्या होत्या. झाकण हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. पिंप गात होतं.

"अगो बाई! हा अजून इथेच?"

"तांदळात?" हरेश ओरडला.

"काल हे त्याला केळीला पानी देताना घेऊन गेले, ओला करून आनला. म्हटलं, आजारी पडल्यावर औषध देन्यापेक्षा आधीच दिलेलं काय वाईट? आनि अवो, तुम्हाला सांगितलं होतं मी! मोटार चालू होती, तुम्ही मान हलवलीत."

बाबांनी मान हलवली असेल. मोटार चालू असली की ते सगळ्यालाच मान हलवतात. विकी हसून हसून जमिनीवर बसला. बाबांनी तांदूळ झटकून मोबाइल हातात घेतला. पडद्यावर निधीचं नाव, पुढे आकडा: बारा.

त्यांना हसू येत होतं. उगाच रागावल्यासारखं करून म्हणाले, "पन एवढे फोन कशाला? मोबाइलवर दिसते ना आता भरती. टिफनीने दाखवली मला रेघ."

"ते ॲप?" दिपिका म्हणाली. "ते तर तीन वर्षं आहे यांच्या फोनमध्ये. ऑफिसच्या पिकनिकला घेतलं होतं."

"तीन वर्षं?"

हरेश बूट काढता काढता थांबला. "आहे, बाबा."

"मग आज दहाला कसे आलात? आत्ता पुरी ओहोटी आहे. राजोडीला समुद्रात कितीही आत चालत गेलात तरी गुडघा भिजायचा नाय!"

हरेशने दुसरा बूट काढला. मग निधीनेच सांगून टाकलं, तेही बाबांनाच दटावल्यासारखं. "तू वेळ सांगितलीच नाहीस ना! मग कधी निघायचं ते आम्हाला कसं कळणार? म्हणून सकाळीच आलो."

खिशात निळी रेघ घेऊन ही चार माणसं ओहोटीला येऊन बसली होती. बाबा ओट्याच्या कडेला टेकले. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, खूप वेळ पुसलं. वाडीतून आलेल्या माणसाला घाम असतोच. इतकं बरं त्यांना गेल्या कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"आज तिथी कोनती, निधी?"

"पंचमी. आजीने सांगितलं."

"मग?"

पोरगी आढ्याकडे बघत पुटपुटली, "तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन... पाच पाऊण पावणेचार!"

"शाब्बास. पावणेदोनला पान्यात, पावणेचारला बाहेर. तोवर जेवा."

विकीने हळूच मोबाइल बघितला. "आजा, इथे तीन बावन्न दाखवतंय."

"चालायचंच," बाबा उदारपणे म्हणाले. "नवीन आहे अजून. शिकेल."

त्या दिवशी दोन्ही गुडघे ठणठणीत होते. बाबा कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले आणि फोटोसाठी समुद्राकडे पाठसुद्धा फिरवली. मोबाइलला खारी हवा लागू नये म्हणून आजी अजूनही त्याला रोज रात्री पिंपात निजवतात. फक्त शुक्रवारी रात्री तो बाहेर राहतो, तो थेट रविवारपर्यंत. टिफनीने कारण विचारलं, तर आजी म्हणाल्या, "शनिवारी त्याला उपास असतो गो. तांदूळ चालत नाय."