मकबूलभाईंची देग आणि कहकशांचं नाक

पहिल्या लॉकडाउनात आमच्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या ग्रुपवर एक लांबलचक यादी टाकली होती. घरी बसून वेळेचा सदुपयोग कसा करावा, याची. योगासनं करा, बागकाम करा, नवी भाषा शिका. मी कन्नड शिकायला घेतलं. उदगीरपासून कर्नाटक हाकेच्या अंतरावर, म्हटलं येईल पटकन. चौथ्या दिवशी वही माळ्यावर गेली. पुढच्या वर्षी दुसरा लॉकडाउन लागला तेव्हा तीच यादी परत आली आणि मी ती न वाचताच पुसून टाकली. त्या वर्षी वेळेचा सदुपयोग मी माझ्या परसातल्या भिंतीपलीकडे पाहिला. करणाऱ्याला तो शब्दसुद्धा ठाऊक नव्हता.

भिंतीपलीकडे मकबूलभाई राहतात. लग्नातले बावर्ची. पाचशे माणसांची बिर्याणी म्हटली की उदगीरच काय, पार लातूरपर्यंत लोक त्यांचं नाव घेतात. त्यांची एक रीत होती. रमजानमध्ये इफ्तारीच्या देगी, म्हणजे ते मोठाले हंडे, शिजवताना ते स्वतः रोज्यात असत आणि थेंबभरही चाखत नसत. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर चालतं, असं जाणकार सांगत. पण त्यांच्या उस्तादांनी त्यांना तसं शिकवलंच नव्हतं. सगळं काम नाकावर. मी एकदा म्हटलं, "मकबूलभाई, मिठाला कुठं वास असतो?"

"मिठाला न्हाई म्याडम. मीठ बरोबर पडलं की गोश्ताला येतो."

मला ही थाप वाटली होती. पण त्यांची देग कधी अळणी निघाली, असं मी तरी ऐकलं नाही.

मार्चमध्ये त्यांना कोरोना झाला. बारा दिवस माडीवरच्या खोलीत काढून ते बरे झाले, म्हणजे आम्हाला तसं वाटलं. एप्रिलमध्ये लॉकडाउन आणि रमजान एकदमच आले. लग्नं बंद, देगी पालथ्या. तिसऱ्या की चौथ्या रोज्याला त्यांनी घरच्यांसाठी परसात चुलीवर खिचडा घातला. मी भिंतीअलीकडे कपडे वाळत घालत होते. नाकात करपलेला वास शिरला, तसं मी ओरडले, "अहो मकबूलभाई, करपलं की! झोपलात का?"

मी चेष्टाच केली होती. मग भिंतीवरून डोकावले, तर तो माणूस जागा होता. हातात पळी घेऊन पातेल्यावर ओणवा झालेला, आणि नाकासमोर धूर चाललेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं. चोरी पकडल्यावर लहान मूल बघतं, तसं. आतून त्यांची बायको सालेहाभाभी आणि मुलगी कहकशां धावत आल्या. भाभींनी पातेलं उतरवलं. मला माझ्या तोंडाचा इतका राग आला की मी ओले कपडे तसेच बादलीत टाकून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच भिंतीशी आले. "म्याडम, महिना झाला. कशाचाच वास येत न्हाई. कांदा न्हाई, अत्तर न्हाई. घरात बी सांगितलं नव्हतं. भायेर कळलं तर मला देगीपाशी कोण उभं करील?"

मी कुणाला सांगणार नव्हते. डॉक्टरांना तेवढं त्यांनी विचारलं होतं; ते म्हणाले, येईल हळूहळू, कुणाकुणाचा येतही नाही. मकबूलभाईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी पोरीला परसात बोलावलं.

कहकशां बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज बंद, तास मोबाइलवर, आणि आमच्या गल्लीत रेंज म्हणजे पाहुणी. पहिल्या दिवशीचं भांडण मला भिंतीआडून सगळं ऐकू आलं.

"मला बावर्ची व्हायचं न्हाई अब्बा. आन् देगीपाशी बाया असत्यात का कुठं?"

"बावर्ची होऊ नको. माझं नाक हो. ते यीस्तोवर."

ती बसली. डोळ्यांवर ओढणी बांधून. मकबूलभाई तव्यावर धने भाजायचे आणि विचारायचे, "आता कुठवर आले? कच्चे, का झाले, का गेले?" त्यांना रंग दिसत होता, तडतड ऐकू येत होती. वास तेवढा तिच्याकडून घ्यायचा. रोज गोश्त कुठून आणणार? मग कांदा, तूरडाळ, तांदूळ. लहान पातेल्याला कणकेनं तोंड बंद करून दमावर ठेवायचं आणि तळ लागायच्या आधी तिनं सांगायचं. पहिले आठ दिवस तिनं सगळं करपून झाल्यावर सांगितलं.

मिठाचा घोळ वेगळाच होता. ती वास घेऊन म्हणायची, "कमी हाय." खरं की खोटं, कोण सांगणार? घरात सगळ्यांचे रोजे. मग भिंतीवरून वाटी माझ्याकडे यायची. मी बौद्ध, मला रोजा नाही. भर दुपारी उपाशी माणसांसमोर घास खायचा आणि निकाल द्यायचा, असलं अवघड काम मी बोर्डाचे पेपर तपासतानाही केलं नाही. "बरोबर आहे, कमी आहे," असं मी म्हटलं की भिंतीपलीकडे बाप-लेकीत ईद व्हायची.

रमजान संपला तरी परसातली ही शाळा चालूच राहिली, मिठाच्या वाट्याही सवयीनं येत राहिल्या. एके दिवशी मी मोबाइलवर सातवीचा तास घेत होते. पलीकडून कहकशां ओरडली, "म्याडम, तुमचं दूध!" मी धावले. दूध उतू गेलं नव्हतं, नुसतं तळाला लागायला लागलं होतं. मला स्वयंपाकघराच्या दारातही वास आला नव्हता. त्या दिवसापासून तिला डोळ्यांवर ओढणी बांध म्हणून सांगावं लागलं नाही, ती आपणहून बांधायची.

नोव्हेंबरात लग्नं सुरू झाली. मकबूलभाईंचं नाक काही परतलं नव्हतं. मोंढ्यावरचे धान्यव्यापारी मुज्तबा सेठ यांच्या मुलीचं, अलीझाचं लग्न, दोन देगी बिर्याणी. मकबूलभाईंनी बेत आखला. कहकशां पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ उभी राहील आणि काही गडबड वाटली तर खोकेल. मला हा बेत मुळीच पटला नाही. त्या दिवसांत चारचौघांत खोकणं म्हणजे मांडव रिकामा करणं. पण माझं कोण ऐकतंय?

मी निमंत्रण होतं म्हणून गेले आणि सरळ मांडवामागे, चुलवणापाशी जाऊन उभी राहिले. देगींची तोंडं कणकेनं बंद झाली होती, झाकणांवर निखारे होते. सेठ आणि त्यांचे चार पाहुणे खुर्च्या टाकून तिथंच बसलेले. कहकशां पाण्याची घागर धरून होती. एकाएकी तिची मान वळली. एकदा खोकली. मकबूलभाई तेव्हा लाकडं सारत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. मग ती मोठ्यानं बोलली, "अब्बा, दुसरी देग लागून राहिली!"

पाहुणे हसले. एकजण म्हणाला, "घ्या, पोरगी मकबूलभाईला शिकवून राहिली." सेठ हसले नाहीत. म्हणाले, "अजून पंधरा मिंटं हाईत ना मकबूल? आत्ता उघडली तर भात कच्चा राहील."

मी मकबूलभाईंकडे पाहत होते. त्यांनी सवयीनं देगीवर मान वाकवली, दीर्घ श्वास घेतला. काय येणार त्यांना? कहकशां घागर घट्ट धरून उभी होती आणि तिचा चेहरा पडत चालला होता. दोन क्षणांपूर्वी खात्री असलेली पोर आता आपलंच चुकलं की काय, असं बघायला लागली होती.

मकबूलभाई सरळ झाले. "सेठ, मला कोरोनापासून वास येत न्हाई. काहीच न्हाई. आजचा सगळा मसाला हिच्या नाकावर झालाय. ही म्हणती लागली, तर लागली." आणि हाताखालच्या पोरांवर ओरडले, "बघता काय? लाकडं ओढा भायेर!"

पाहुण्यांचं हसू तिथंच थांबलं. कहकशांनं घागर खाली ठेवली आणि देगीच्या भोवती फिरत वास घेत सांगत गेली, इथले निखारे काढा, इथले राहू द्या. दमाची वेळ भरल्यावर मकबूलभाईंनी कणीक फोडायला कलथा तिच्या हातात दिला. तळाचा भात लालसर झाला होता. करपला नव्हता. सेठनी वाटीभर खाल्ला, मान डोलवली आणि पंगत बसवायला निघून गेले.

पुढची कामं मिळतील की नाही, या काळजीनं मला घरी आल्यावरही चैन पडेना. सकाळी भिंतीशी गेले आणि रागानंच विचारलं, "इतके महिने झाकलंत ना? मग भर मांडवात सांगायची काय गरज होती? लाकडं तर गुपचूप ओढता आली असती."

मकबूलभाई चुलीपाशी कांदा चिरत होते. डोळ्यांना पाणी, नाकाला पत्ता नाही.

"आली असती म्याडम. पर लोक हसले तवा ती माझ्याकडं बघत होती. मी गप ऱ्हायलो असतो, तर पुढच्या टायमाला वास आला तरी ती बोलली नसती. माझं नाक तर गेलंच हाय. तिचं बी मीच घालवायचं का?"